मशीन मालकाचं, मग त्याला सांभाळणारा कोणाचा?

आमच्याकडे म्हसा यात्रेत पौष पौर्णिमेला गुराढोरांचा बाजार भरतो. बैल घेणारा दात बघतो, चाल बघतो. एकदा दावं हातात घेतलं की वैरणीपासून औषधापर्यंतचा भार त्याचा. ‘बैल माझा, पण त्याला सांभाळणारा गडी माझा नाही’ असं कोणी म्हणालं तर अख्खा बाजार हसेल. कारखान्यांत आणि गोदामांत ठेकेदारी नेमकं हेच म्हणते, आणि कोणी हसत नाही.

खाद्यपदार्थांच्या कारखान्यात पाकिटं सील करणारं मशीन असतं, बॉयलर असतो, शीतगृहाचा कॉम्प्रेसर असतो. स्वयंचलित गोदामात माल वाहणारे पट्टे, सेन्सर, स्कॅनर. ते चालते ठेवणारी पोरं मुरबाड, शहापूर, भिवंडीकडची, आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली. कुणबी, आगरी, आदिवासी, मुसलमान, ठेकेदाराच्या हजेरीपटावर सगळे एका रांगेत. एवढी समता आम्हाला गावात कुठे सापडत नाही!

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात काम बारमाही आहे का, हे पाहून कंत्राटावर बंदी घालण्याची सोय होती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की बंदी आली तरी कामगार आपोआप कायम होत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा संहिता मुख्य कामात कंत्राटी कामगार ठेवायला मनाई करते. पण ‘मुख्य नसलेल्या’ कामांच्या यादीत बांधकामासोबत ‘देखभाल’ हा शब्द आहे, आणि ‘अधूनमधून होणारं काम’ही आहे. या फटीतून मशीनची देखभाल बाहेर ढकलली जाईल, ही माझी भीती आहे.

बिघाड अधूनमधून होतो, कबूल. आगही अधूनमधूनच लागते, म्हणून अग्निशमन केंद्र अधूनमधून उघडत नाहीत. वंगण, पट्ट्याचा ताण, तपासणी हे रोजचं काम आहे. वर्षातून एकदा मशीन बनवणाऱ्या कंपनीचा तज्ज्ञ आला तर तो पाहुणा, त्याबद्दल तक्रार नाही. रोज रात्रपाळीला उभा राहणारा पाहुणा कसा?

१९४८ च्या कारखाना कायद्याने बजावलं होतं की चालत्या मशीनची तपासणी करणारा खास प्रशिक्षित हवा, त्याचं नाव नोंदवहीत हवं आणि अंगाबरोबरचे कपडे कारखान्याने पुरवावेत. मशीनजवळ हात नेणाऱ्याला नाव असलं पाहिजे, हे त्या पिढीला कळत होतं. आज ठेका बदलला की पोरगा तोच, मशीन तेच, नोकरी मात्र पुन्हा पहिल्या दिवसापासून. ज्याचा गेटपास उद्या बंद होऊ शकतो, तो ‘वीज तोडून कुलूप लावल्याशिवाय हात घालणार नाही’ असं कोणत्या बळावर म्हणेल?

म्हणून मागणी साधी आहे. उत्पादनाच्या आणि गोदामाच्या मशीनची देखभाल हे मुख्य काम आहे, असं सरकारने स्पष्ट लिहावं. ठेका बदलला तरी कामगाराची सेवा सलग धरावी. आणि आपण, मोहल्ल्यातल्यांनी आणि पाड्यावरच्यांनी, मुलगा ‘मोठ्या कंपनीत लागला’ म्हणून पेढे वाटण्याआधी एवढं विचारावं: पगाराच्या चिठ्ठीवर मालक म्हणून नाव कोणाचं आहे?