दुधाच्या दाढेचे दुखणे

‘दुधाचेच दात, पडायचेच आहेत,’ हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते. वस्तुतः दुधाच्या २० दातांपैकी मागच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत मुखात असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याही मागे पहिली कायमची दाढ उगवते. ती येताना एकही दात पडत नाही; साहजिकच तीही दुधाची समजली जाते आणि किडते.

कीड साखरेने लागते हे खरे. परंतु साखर मुलाच्या हाती येते ती नात्यांतून. रडू थांबावे म्हणून आजोबा गोळी देतात, उशिरा परतलेले वडील चॉकलेट आणतात. प्रत्येक गोडाबरोबर तोंडात आम्ल तयार होते आणि ते निवळायला लाळेला उसंत मिळत नाही.

मग दाढ ठणकते, पण मूल बोलत नाही. ‘ऐकले नाहीस तर डॉक्टर दात उपटतील,’ ही धमकी त्याने ऐकलेली असते. ते एकाच बाजूने चावते, रात्री तळमळते, वर्गात पेंगते. आणि घरचे त्याला हट्टी ठरवतात! पुढचे दात काळवंडलेले मूल तर हसतानाही ओठ मिटून घेते.

‘सांगा, दाखवा, मग करा’ ही १९५९ मध्ये मांडली गेलेली रीत बालदंतवैद्य आजही पाळतात. आरसा आधी मुलाच्या बोटाला लावतात, मग तोंडात नेतात. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास, काहीही दुखत नसताना, ही ओळख झालेले मूल पुढे सहसा निमूट खुर्चीत बसते. उपटण्याच्या गोष्टी ऐकून आलेले मात्र दारातच आईला बिलगते.