समजले म्हणजे नेमके काय समजले?

(द्वितीय वर्ष बी. ए.)

विमानाला अपघात झाला आणि वैमानिक व नियंत्रक यांच्या बोलण्यात घोटाळा झाला होता असे कळले, की आपल्याकडे लगेच निदान होते : "इंग्रजी कच्चे असणार!" हे निदान करणारे बहुधा स्वतः इंग्रजीत पक्के असतात. मराठी माध्यमातून आलेल्या आणि घरातून कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढलेल्या माझ्यासारखीला ते जरा तपासून पाहावेसे वाटते.

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. दिल्लीहून निघालेल्या सौदी बोइंगला १४,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. दिल्लीकडे येणाऱ्या कझाकस्तानच्या इल्यूशिनला १५,००० फुटांवर. मध्ये हजार फुटांचे अंतर. सूचना गेली होती, उत्तरही आले होते. तरी इल्यूशिन खाली उतरले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत दोष त्या विमानाच्या चालकांकडे गेला आणि इंग्रजीच्या उणिवेचीही चर्चा झाली. पण आणखी एक गोष्ट पाहा. नियंत्रकाशी बोलत होता रेडिओ ऑपरेटर, आणि विमान होते दुसऱ्यांच्या हातात. बोलणाऱ्यापुढे उंची दाखविणारे स्वतंत्र यंत्रही नव्हते. ऐकणारा एक, करणारा दुसरा! शिवाय दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे. आलेल्या होकारावर विसंबण्यावाचून नियंत्रकाला गत्यंतर नव्हते. हे सारे "इंग्रजी कच्चे" या दोन शब्दांत कसे बसावे?

बरे, इंग्रजी पक्के असले म्हणजे भागते काय? २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. डच विमानाचा कप्तान हा त्या कंपनीचा नावाजलेला शिक्षक होता. त्याला पुढच्या मार्गाची परवानगी मिळाली होती, उड्डाणाची नव्हे. त्याच्या सहवैमानिकाने मार्गाची सूचना परत म्हणून दाखविली आणि शेवटी आम्ही आता उड्डाणावर आहोत अशा अर्थाचे काहीतरी जोडले. नियंत्रकाला वाटले, उड्डाणासाठी उभे आहेत. तो म्हणाला, "ओके." पुढे थांबायलाही सांगितले; पण त्याच क्षणी अमेरिकन विमान आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे सांगू लागले आणि दोन आवाज एकमेकांत मिसळून नुसती किंकाळी ऐकू आली. डच विमानातील इंजिनियरला शंका आली होती. अमेरिकन विमान बाजूला झाले नाही का, असे त्याने विचारलेही. कप्तानाने ठासून उत्तर दिले आणि तो गप्प बसला. एवढ्या मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा कोण विचारणार?

आपल्या मुंबईचे उदाहरण त्या मानाने सौम्य आहे. २४ सप्टेंबर १९७२ च्या सकाळी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रुझऐवजी जुहूच्या तोकड्या धावपट्टीवर उतरले व पट्टी संपल्यावर पुढे घसरत गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. दोन्ही विमानतळ शेजारी, दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या. नियंत्रकाच्या मनातली धावपट्टी एक आणि वैमानिकाच्या डोळ्यांपुढची दुसरी. १९५३ साली ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमानही असेच जुहूला उतरले होते. ते तर अस्सल इंग्रजी बोलणारे!

म्हणून माझे मत असे की, खरा शत्रू कच्ची भाषा नसून पोकळ होकार आहे.

अंजनवेलच्या बंदरावर हे कोणालाही शिकवावे लागत नाही. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी वारा असा असतो की, चार हातांवरचे बोलणे उडून जाते. तांडेल ओरडतो, "नांगर सोड!" खलाशी उलट ओरडतो, "सोडला!" तो "हो" म्हणत नाही. "हो" म्हटले तर शिव्या बसतात, कारण नांगर सोडला की नुसता आवाज ऐकला हे "हो"वरून कळत नाही. माझे वडील चौथी शिकलेले आहेत, पण विमानवाल्यांचा सूचना परत म्हणून दाखविण्याचा नियम त्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मग त्यात नवीन काय?"

विमानवाल्यांनीही या अपघातांतून धडे घेतले. तेनेरिफनंतर "टेक-ऑफ" हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना वा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी नाही, असे ठरले. नऊचा आकडा पाचासारखा ऐकू येऊ नये म्हणून "नाइन"चा "नायनर" करतात. (आपल्या इंग्रजीच्या तासाला असा उच्चार केला तर काय होईल, याची कल्पना करावी!) २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरील वैमानिक व नियंत्रकांना इंग्रजीची पातळी सिद्ध करावी लागते. ते योग्यच आहे. अडचणीच्या वेळी ठरीव शब्द पुरत नाहीत, हे मलाही मान्य आहे. परंतु त्या परीक्षेत शेक्सपिअर येत नाही आणि उच्चार इंग्रजांसारखाच हवा अशी अटही नाही. समोरच्याला नीट कळावे, न कळल्यास पुन्हा विचारता यावे, एवढेच पाहतात.

आता आपल्या वर्गाकडे वळते. तास संपताना सर विचारतात, "समजले ना?" आणि साठ मुले एका सुरात "हो सर" म्हणतात. यात सरांचा दोष नाही. प्रश्नच असा आहे की, त्याला दुसरे उत्तर संभवत नाही. मागच्या बाकावरच्या ज्याला समजलेले नसते, त्याला हात वर करताना आपले इंग्रजी, आपले गाव, आपले कपडे, सगळे एकदम आठवते. तेनेरिफचा तो इंजिनियर निदान एकदा तरी बोलला होता.

प्राध्यापकांना नम्र सूचना अशी : "समजले का?" ऐवजी "काय समजले ते सांगा" असे विचारावे आणि ते मराठीत सांगितले तरी चालावे. यात वेळ जाईल, अभ्यासक्रम मागे पडेल, हा आक्षेप मला ठाऊक आहे. म्हणून सगळ्यांना विचारू नये. तासाला दोघांनाच विचारावे. फक्त सुरुवात मागच्या बाकापासून करावी.