रत्नागिरी ते आरे-वारे : विजेच्या सायकलीवरचा धंदा

कोकणातल्या मुस्लिम तरुणाला धंदा सुचवा म्हटले की रिक्षा, मोबाईलचे दुकान नाहीतर आखाताचा व्हिसा, यापलीकडे आपली नजर जात नाही. तिकडे पोर्तुगालमध्ये लिस्बन शहरातून वाटाडे पर्यटकांना विजेच्या सायकलींवर कास्कैशच्या समुद्रकिनारी नेतात आणि माणशी पैसे घेतात. रत्नागिरीत हे का होऊ नये?

थिबा राजवाड्यापासून निघावे. १९१६ साली रत्नागिरीतच वारलेल्या ब्रह्मदेशाच्या राजाची हकीकत सांगावी, मिरकरवाड्याचे बंदर दाखवावे आणि शिरगाव-साखरतरमार्गे आरे-वारेला उतरावे. पैसे मिळतात ते या सांगण्याचे. नुसती सायकल भाड्याने कोणीही देईल. वाटेतले चढ साध्या सायकलीवर दम काढतात, मोटारीची साथ असली की साठीचा पाहुणाही चढून जातो. शिवाय २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या हलक्या सायकलीला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही.

भांडवलासाठी व्याजाच्या दारात जाण्याची गरज नाही. चौघांनी मुशारकत करावी, नफा-तोटा वाटून घ्यावा. आखातातल्या भावाने कुलूपबंद घरावर आणखी एक मजला चढवण्याऐवजी दोन सायकली घेऊन द्याव्यात.

पावसाळ्याचे चार महिने कमाई नाही, खाऱ्या हवेने साखळी गंजते, हे हिशेबात आधीच धरावे. आणि आरे-वारेच्या समुद्रात माणसे बुडालेली आहेत. पाहुण्याला पाण्यात उतरू न देणे हे वाटाड्याचे पहिले काम.