इंजिनाची टकटक आणि झडपांची फट

हेड उतरवून पुन्हा बांधलेली मोटार गॅरेजातून घरी आली की मालक प्रथम बॉनेट उघडून कान देतो. इंजिन निमूटपणे फिरत असेल, तर पैसा सार्थकी लागला असे त्याला वाटते. वरच्या झाकणाखालून बारीक टकटक ऐकू आली, तर तो मिस्त्रीवर रागावतो. मिस्त्रीही मग मालकाचे समाधान व्हावे म्हणून स्क्रू थोडे आवळतो आणि टकटक थांबते. वाचकहो, अशा रीतीने विकत घेतलेली शांतता फार महाग पडते. ती का, हे आज पाहू.

उदाहरणासाठी आपल्या परिचयाची जुनी अम्बॅसेडर घेऊ. उत्तरपाडा येथील कारखान्यात तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. तथापि लग्नकार्याला, बाजाराला आणि अडल्यावेळी रुग्णाला घेऊन धावलेली ही गाडी कित्येक घरांनी अजून जपून ठेवली आहे. येथे जे सांगत आहे ते तिच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनाविषयी होय. तिच्यातील डिझेल किंवा इसुझू इंजिनांची मापे निराळी असू शकतात, हे ध्यानी असावे.

ह्या इंजिनात चार सिलिंडर आणि आठ झडपा, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत आठ व्हॉल्व्ह, असतात. प्रत्येक सिलिंडरला एक झडप पेट्रोलमिश्रित हवा आत घेण्यासाठी व एक जळालेला वायू बाहेर सोडण्यासाठी. खाली ब्लॉकमध्ये कॅमशाफ्ट फिरतो. त्याचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर तराजूच्या दांडीसारखा कलून दुसऱ्या टोकाने झडप खाली दाबतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा, उघडते व मिटते.

झडप मिटलेली असताना रॉकरचे टोक आणि झडपेच्या दांड्याचे टोक ह्यांमध्ये किंचित फट राखावी लागते. ह्या इंजिनासाठी ते माप इंचाचे पंधरा सहस्रांश, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर, आहे. साध्या चार कागदांच्या चळतीएवढे. हे माप गरम इंजिनावर घ्यावयाचे की थंड, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि त्याप्रमाणेच घ्यावे. गरम अवस्थेचे माप थंड इंजिनावर लावले, तर काटेकोरपणे केलेले कामही चुकते.

एवढ्याशा फटीवर इतका भर कशासाठी? धातू तापला की वाढतो. धूर सोडणारी झडप घाटात भरल्या गाडीने चढताना लाल होईपर्यंत तापते. ती थंड होण्याची मुख्य वाट म्हणजे तिची बैठक. झडप मिटून बैठकीला घट्ट टेकते, तेव्हा तिच्यातील उष्णता हेडमध्ये आणि तेथून पाण्यात जाते. फट पुरेशी नसेल, तर रॉकर झडपेला पुरती मिटू देत नाही. कड आणि बैठक ह्यांमध्ये केसाएवढी जागा राहते, तीतून पेटलेला वायू भात्यासारखा फुंकर घालतो, आणि कड जळून तिला खाच पडते. मग एक सिलिंडर मिसिंग करू लागतो, चढावर गाडीचा दम तुटतो आणि हेड पुन्हा उतरवावे लागते. ह्यातील दुर्दैव असे की, झडप जळत असताना काहीच वाजत नाही. उलट फट जास्त असली, तर आवाज वाढतो, झडप पुरती उघडत नाही आणि भाग लवकर झिजतात; पण त्याची वर्दी निदान कानाला मिळते. वाजणारी झडप मालकाला सावध करते, मुकी झडप त्याला फसवते, हे लक्षात ठेवावे.

हेड नव्याने बांधताना ही फट हमखास बदलते. बैठक कापली व झडप घासली, की झडप हेडमध्ये थोडी वर जाऊन बसते. तिच्या दांड्याचे टोक रॉकरच्या जवळ येते आणि फट कमी होते. वाकलेले हेड सपाट करण्यासाठी त्याचा तळ घासून घेतला, तर सारा रॉकरसंच खाली येतो. पुशरॉड मात्र तेवढाच लांब असतो, म्हणून तेथेही फट घटते. यास्तव जुन्या स्क्रूची खूण पाहून तो तेथेच ठेवणे चुकीचे आहे. झडपा बसविल्यावर पोर्टमध्ये थोडे रॉकेल ओतावे. बैठकीपाशी ते झिरपले, तर घासकाम अपुरे आहे असे समजावे. फट कितीही अचूक लावली तरी ही उणीव भरून निघत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या काळात नवी आहे. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. लोकांच्या आरोग्याच्या दृष्टीने हे इष्टच झाले. परंतु जुन्या ओतीव लोखंडी बैठकींना त्या शिशाचे एक संरक्षण मिळत असे. ते गेल्यामुळे सतत जोराने धावणाऱ्या गाडीत बैठक हळूहळू खचते, झडप वर सरकते आणि फट आपोआप नाहीशी होते. हेड उतरलेच आहे, तर धूर सोडणाऱ्या झडपांसाठी कठीण पोलादी बैठका बसवून घेणे शहाणपणाचे ठरेल.

आता फट लावण्याची रीत. स्पार्क प्लग काढावेत, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. झडपांना पुढून मागे १ ते ८ असे क्रमांक द्यावेत. ज्या झडपेचे माप घ्यावयाचे, तिचा टॅपेट कॅमच्या उंचवट्यापासून दूर, त्याच्या सपाट पाठीवर असला पाहिजे. हे ओळखण्याची युक्ती नऊच्या बेरजेची. आठवी झडप पुरती उघडली असता पहिली लावावी. सहावी उघडी असता तिसरी, चौथी उघडी असता पाचवी, सातवी उघडी असता दुसरी. पुढे पहिली उघडी असता आठवी, तिसरी असता सहावी, पाचवी असता चौथी आणि दुसरी असता सातवी. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ येते. शाळकरी मुलगाही हे पाठ करील.

पान्याने लॉकनट सैल करावा, स्क्रूड्रायव्हरने स्क्रू फिरवावा आणि योग्य जाडीची फिलर गेजची पट्टी फटीतून ओढून पाहावी. पट्टी हाताला किंचित अडखळत सरकली पाहिजे. अडकूही नये, डुलूही नये. स्क्रू स्थिर धरूनच लॉकनट आवळावा आणि मग पुन्हा मोजावे, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. रॉकरच्या टोकाला झिजून खळगा पडला असेल, तर सरळ पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी राहते. माप बरोबर दिसते, पण खरी फट जास्त असते. असा रॉकर घासून सपाट करावा किंवा बदलावा.

शेवटची गोष्ट बहुधा राहून जाते. ह्या इंजिनात रॉकरसंचाचे खांब हेडच्याच काही नटांनी धरलेले असतात. इंजिन पहिल्यांदा तापून गॅस्केट बसले, की हेडचे नट मध्यापासून बाहेर अशा क्रमाने, पुस्तिकेतील जोराप्रमाणे पुन्हा तपासावे लागतात. ते आवळले की हेड किंचित दबते आणि फट घटते. म्हणून नट आधी आणि फट नंतर, हाच क्रम. सुमारे ८०० किलोमीटर गाडी चालल्यावर ही तपासणी पुन्हा एकदा करावी. तीस फारसा खर्च येत नाही. तास-दीड तासाचे काम आहे.

तेव्हा गाडी परत घेताना मिस्त्रीला "आवाज का येतो?" असे दटावण्याऐवजी विचारावे, "फट किती ठेवली? गरम मोजली की थंड? नट आवळल्यावर पुन्हा पाहिली का?" चांगला कारागीर ह्या प्रश्नांनी रागावणार नाही, आपल्या कामाची पारख असलेले गिऱ्हाईक भेटले म्हणून तो संतोषच पावेल. आणि आठही झडपांची हलकी, एकसारखी टकटक ऐकू आली, तर निश्चिंत मनाने बॉनेट मिटावे आणि गाडी घाटाला लावावी.