फळासकट वाळणारी कॉफी

शिरूर-दौंडकडे पाहुणा आला की चुलीवर चहाच चढतो. कॉफी काही आपल्या रानातले पीक नव्हे. तरी तिच्या वाळवणाची रीत आज सांगतो, कारण ती आपल्या खळ्याच्या कामाची आहे.

कॉफीला थंड डोंगर आणि झाडांची सावली लागते. कर्नाटकात चिकमगळूर व कोडगूकडे तिचे मोठे मळे आहेत. आपल्या राज्यात अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यासही ती होते. फळ करवंदाएवढे, पिकल्यावर लाल. आत बहुधा दोन बिया. काही मळ्यांत गर काढून बिया धुतात. त्याला पाणी लागते. दुसरी जुनी रीत म्हणजे फळ न सोलता सबंधच उन्हात वाळवायचे.

पिकलेली फळे वेचून स्वच्छ खळ्यावर चार बोटे जाडीचा थर देतात. तो दिवसभर तासातासाने हलवतात. रात्री दव पडू नये म्हणून ढीग करून झाकतात. चांगले ऊन असले तरी दोन-तीन आठवडे लागतात. साल लवकर काळी, कडक दिसते. पण आत ओल असते. मूठभर फळे कानाशी हलवून बिया खुळखुळल्या, की मगच पोती भरायची वेळ आली असे समजतात. घाई केली तर पोत्यात बुरशी धरते.

आपल्या भुईमुगाचे, मक्याचे असेच आहे. परतीच्या पावसात भिजलेला माल दोन उन्हे देऊन कणगीत टाकला, की आत बुरशी वाढते आणि तिचे विष दाण्यात उतरते. १९७४ साली राजस्थान व गुजरातेत बुरसलेला मका खाऊन काविळीने शंभरावर माणसे दगावली. हे विष शिजवून जात नाही. बुरसट दाणे गाईम्हशीला घातले, तर ते दुधातून पोराबाळांच्या पोटात जाते.

तेव्हा शेंग कानाशी हलवा. दाणा खुळखुळला आणि त्याची तांबडी साल चोळताच सुटली, तरच भरा. मक्याचा दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. बुरसलेले निवडून पुरून टाका. मूठभर दाण्यांचा लोभ धरू नका. ऊन फुकट मिळते. आणखी चार दिवस थांबायला काय जाते?