सूचीतली लबाडी

जाडजूड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, ती तुम्ही पाहिली असेल. ‘कोळसा’ हा शब्द काढा, समोर पृष्ठांचे आकडे! इंटरनेटवरील शोधयंत्रेही मुळात अशीच सूची बाळगतात, फक्त अब्जावधी पानांची. बहुतेकांची सूची एकेका कंपनीच्या ताब्यात असते. ती आपणच वाटून घेऊन का तयार करू नये, या विचारातून २००३ मध्ये जर्मनीत मिखाएल क्रिस्टेन यांनी ‘यासी’ सुरू केले. यात घरोघरचे संगणक पाने वाचतात आणि सूचीचा एकेक तुकडा सांभाळतात.

कल्पना छान आहे. पण एखादा संगणक लबाडाच्या हाती असला तर? ‘सायकल’ या शब्दासमोर तो आपल्या केशतेलाच्या जाहिरातीचे पान नोंदवील!

तुम्ही म्हणाल, एकच काम तिघांना द्यावे आणि बहुमत घ्यावे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९९९ मध्ये ‘सेटी ॲट होम’ सुरू केले, तेव्हा लक्षावधी लोकांचे संगणक अंतराळातून आलेल्या रेडिओलहरींत परक्या बुद्धिमान जीवांचा माग काढू लागले. यात पैसा नव्हता, फक्त गुणतक्त्यात नाव वर जाई. तरी काहींनी खोटी उत्तरे धाडलीच! (माणसाचा स्वभाव, दुसरे काय?) मग एकच तुकडा अनेकांकडे पाठवून उत्तरे पडताळली जाऊ लागली. २०२० मध्ये तेथील कामवाटप थांबले.

तेथे हा उपाय शोभला, कारण दुर्बिणीने एकदा केलेली नोंद बदलत नाही. इंटरनेटवरचे पान बदलते. बातम्यांचे सकाळचे पान दुपारी निराळेच असते. मग उत्तरे जुळली नाहीत म्हणून प्रामाणिक संगणकाला लबाड ठरवायचे काय? शिवाय एकच माणूस हजार नावे धारण करून बहुमतच खिशात घालू शकतो. या युक्तीला २००२ मधील एका शोधनिबंधाने ‘सिबिल हल्ला’ असे नाव दिले.

म्हणून माझे मत असे, की लबाड कोण हे हुडकत बसू नये, नोंद तपासावी. अमुक पानावर ‘सायकल’ शब्द आहे असे सूची म्हणते ना? मग शोध घेणाऱ्याच्याच संगणकाने ते पान उघडून पाहावे. शब्द नसला, तर नोंद फेकून द्यावी. यासीत ही सोय आहे. थोडा वेळ जातो खरा, पण मला तो महाग वाटत नाही.

एक लबाडी मात्र यातूनही निसटते. कोणी खरी नोंद मुद्दाम गाळली तर? जी नोंद नाहीच, ती तपासणार कशी? येथे मात्र तिघे कामाला येतात. एका शब्दाची यादी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या तीन संगणकांवर ठेवा आणि शोधताना तिन्ही याद्या एकत्र करा. दहांत एक संगणक लबाड असला, तर तिन्ही लबाड निघण्याचा संभव हजारात सुमारे एक. बहुमत लागत नाही, एक प्रामाणिक पुरतो. हजार नावांचा लबाड येथेही नडतोच. म्हणून कोणती यादी आपण सांभाळायची, हे त्याला स्वतः निवडू देता कामा नये.