नकाशात न उमटलेल्या वाटा

मुलांनो, नकाशात तुम्ही नद्या पाहता, डोंगर पाहता. माणसांचे प्रवाह दाखवणारा नकाशा मात्र क्वचितच तुमच्या दृष्टीस पडला असेल. तो काढण्याची रीत अगदी सोपी आहे. माणसे जिथून निघाली तेथून ती जिथे पोहोचली तिथवर बाण काढावा. माणसे जितकी अधिक, तितका बाण जाड. रेव्हन्स्टाइन नावाच्या भूगोलज्ञाने १८८५ साली ब्रिटनच्या जनगणनेवरून असे प्रवाह शोधले आणि प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो, असे दाखवून दिले.

आपल्या माणगावकरांना हे निराळे सांगावयास नको. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली आणि पुढे कोकणातील असंख्य घरांतील कर्ते पुरुष तिकडे गेले. गणपतीला नि शिमग्याला हाच प्रवाह उलटा वाहतो. गिरण्या बंद पडल्या, पण ती वाट बुजली नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या. गावी कोण राहिले, हे तेवढ्या एका आकड्यावरूनही कळते.

त्याच जनगणनेत स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण नोकरी नव्हे, विवाह ठरले. देशातील सर्वांत जाड बाण सासरी जाणाऱ्या मुलींचा! पुष्कळ नकाशांत तो वगळलेला असतो, हे मला मुळीच पटत नाही. (तुमच्या आईचे माहेर येथून किती दूर आहे, हे घरी अवश्य विचारा.)

परंतु त्याहून मोठी उणीव निराळीच आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातील कित्येक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जनगणना दहा वर्षांतून एकदा जन्मस्थान आणि पूर्वीचे राहण्याचे ठिकाण विचारते. दरवर्षी काही महिने जाऊन येणाऱ्यांची वाट त्या उत्तरांत नीटशी सापडत नाही. जी वाट नकाशात नाही, तिच्या टोकाला पुस्तके किती पाठवावीत, शिक्षक कोठे नेमावा, हे कोणी ठरवावे? वर्गातील बाक तेवढा रिकामा राहतो.

हा बाण शाळेनेच काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जूनमध्ये ती मुले वर्गात परत आली म्हणजे फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा लावावा आणि खडू त्यांच्याच हाती द्यावा. भट्टीचे गाव कोणते, वाटेत नदी कोणती लागली, सोबत किती घरे होती, हे त्यांच्याइतके नेमके कोण सांगणार?